दीड हजार बियांची उशी

मी एक जुनी उशी आहे, पण मित्रांनो, माझ्यावर डोकं टेकायचा विचार मनातसुद्धा आणू नका. कान सोलून निघेल. माझ्या पोटात कापूस नाही, खजुराच्या बिया आहेत, दीड हजाराच्या वर. नेमक्या किती, ते विचारू नका. पहिलीच्या वर्गाने एकदा तीन वेळा मोजल्या आणि तीन वेगळी उत्तरं आली. शेवटी बाईंनी फळ्यावर ‘पुष्कळ’ असं लिहिलं आणि सगळ्यांना बरोबरची खूण दिली.

माझी जागा डोक्याखाली नाही, मांडीवर. का, ते सांगते. सांगताना मध्येच माझा सूर चढला तर सांभाळून घ्या. त्या सोमवारची गोष्ट निघाली की माझ्या पोटातल्या बिया अजूनही आपोआप खळखळतात.

आमच्या नेफ्ता या वाळवंटाकाठच्या गावात जन्मलेल्या कुठल्याही वस्तूचं खजुराच्या झाडाशी नातं निघतंच. छताची तुळई त्याची, टोपली त्याच्या पानांची, दोर त्याच्या काथ्याचा. खजूर तर काय, पाहुणा आला की पुढे, सुतक असलं की पुढे, मुलांच्या मधल्या सुट्टीत खिशात. बियाही इथे कुणी फेकत नाही. घरोघरी बियांसाठी एक डबा असतो. त्या भिजत घालायच्या, भरडायच्या आणि शेळ्यांना घालायच्या, अशी इथली रीत. माझ्याही नशिबात शेळीचं पोटच होतं. मधे गुफ्रान आली.

गुफ्रान तेव्हा सात वर्षांची होती आणि पहिलीत तिचं दुसरं वर्ष चालू होतं. अंगाने काटकुळी, डोळे मोठे, पायांत मात्र जणू कुणी भिंगरी बांधलेली. बाकावर टेकली की उठायची, उठली की दाराशी, दाराशी गेली की अंगणात. वर्गात गलका वाढला की दोन्ही कान गच्च दाबून घ्यायची. बोलायची, पण दुसऱ्याचं बोलणं. कुणी ‘पाणी हवंय का?’ विचारलं तर तीही म्हणायची, ‘पाणी हवंय का?’ नव्या माणसाला वाटायचं पोरगी वेडावते आहे.

तिच्या बाई म्हणजे मबरूकाबाई. मुलं त्यांना ‘सय्यदती’ म्हणतात, इथे शाळेत बाईंना असंच म्हणतात. वर्गात एकतीस मुलं, मदतीला कुणी नाही. बाई मनाने चांगल्या, पण पहिलं वर्षभर त्यांना एकच उपाय सुचला. गुफ्रानच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवायचं. हात काढला की गुफ्रान वर. पुढे त्याच सांगायच्या, की ‘मी बाईऐवजी पेटीचं झाकण झाले होते.’

मग एक दिवस शाळेच्या फाटकाशी एका मुलाची आई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, की एका पोरीच्या पायी तीस पोरांचं वर्ष फुकट चाललंय, हिला हिच्यासारख्यांच्यात पाठवत का नाहीत. गुफ्रानची आई शाद्लिया तिथेच उभी होती. हातात शाळेच्या झग्यांचा गठ्ठा होता, कारण गावातल्या निम्म्या मुलांचे झगे तीच शिवते. तिने गठ्ठा या काखेतून त्या काखेत घेतला. पण तक्रार वर गेली, आणि वरून कागद आला. वसंतात शिक्षण खात्याच्या समितीच्या बाई येतील, एक पूर्ण तास वर्गात बसतील. गुफ्रान इतर मुलांबरोबर बसून तिच्या परीने शिकते असं दिसलं तर ती इथेच राहील. नाहीतर तिला दूरच्या शहरातल्या, अशा मुलांसाठीच्या केंद्रात घालावं लागेल. तिथे आठवडाभर मुक्काम आणि फक्त सुट्टीच्या दिवशी घर.

जी मुलगी आईच्या ओढणीचं टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नव्हती, तिच्यासाठी हा कागद काय होता, ते मी सांगायला नको.

त्याच सुमाराला खजुराचा हंगाम सुरू झाला. हंगामात शाद्लिया शिलाई बाजूला ठेवून निवडणीच्या शेडमध्ये जाते. तिथे बायका ओळीने बसून चांगला खजूर वेगळा, फाटका वेगळा करतात. शाळा सुटल्यावर गुफ्रानला ठेवणार कुठे, म्हणून ती सोबत असायची, आणि शेडभर पळायची. एके दुपारी शाद्लियाने वैतागून भरलेली टोपली तिच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, ‘धर जरा, मी ओढणी खोचते.’ ओढणी खोचली, मग शेजारणीने काही विचारलं, मग मुकादमाने हाक मारली, आणि टोपली राहून गेली. बऱ्याच वेळाने शाद्लियाला जाणवलं की मागून पळण्याचा आवाज येत नाहीये. वळून पाहते तो पोरगी तिथेच. दोन्ही हात टोपलीभोवती, पाय जमिनीला टेकलेले, आणि समोरचे खजूर एकेक करून निवडत होती. चांगला इकडे, फाटका तिकडे.

‘हिची कुणी दृष्ट काढली की काय?’ शेजारीण म्हणाली.

‘गप बस,’ शाद्लिया पुटपुटली. ‘तिला कळू देऊ नकोस की ती बसलीय.’

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दाम रिकामी टोपली दिली. गुफ्रान पळाली. भरलेली दिली, गुफ्रान बसली. शाद्लिया शाळा चार वर्षंच शिकलेली, पण कापड कुठे ओढतं आणि कुठे सैल पडतं हे तिच्या बोटांना कळतं. तिने ताडलं, की पोरीला मांडीवर वजन लागतं. वजन असलं की तिला तिचे पाय सापडतात.

आणि मित्रांनो, त्याच संध्याकाळी माझा जन्म ठरला!

शेडमधल्या बायकांनी आठवडाभर फाटके खजूर खाऊन बिया जमवल्या. म्हणजे मी मुळात वीस-बावीस बायकांच्या तोंडून, गप्पांमधून, हसण्यातून बाहेर पडलेली आहे. माझा स्वभाव बोलका का, याचं उत्तर तुम्हाला मिळालंच असेल. शाद्लियाने बिया धुतल्या, गच्चीवर वाळवल्या, झग्यांचं उरलेलं कापड घेतलं. मुलींचे झगे गुलाबी, मुलांचे निळे, म्हणून मी एका अंगाने गुलाबी आणि एका अंगाने निळी. रजईसारखे आठ कप्पे पाडले, नाहीतर सगळ्या बिया एका कोपऱ्यात जाऊन बसल्या असत्या.

माझा पहिला दिवस मात्र सपशेल फसला. बियांना थोडा गर राहिला होता. दहा वाजेपर्यंत मुंग्या आल्या, आणि त्या ओळीने, शिस्तीत आल्या. पहिलीचा वर्ग बाकांवर चढला. शाद्लियाने मला उसवलं, बिया चुलीवर उकळल्या, पुन्हा वाळवल्या, पुन्हा भरल्या. मग दुसरी अडचण आली. गुफ्रान हलली की मी खळखळायची आणि मागच्या बाकापर्यंत माना वळायच्या. तेव्हा खजुराच्या खोडावरचा मऊ काथ्या बियांबरोबर भरला. तिसऱ्या खेपेला मी गप्प झाले. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचंच.

गुफ्रानने मला मांडीवर घेतलं तो क्षण! तिचे पाय आधी बाकाखाली थरथरत होते, उकळत्या पाण्यातल्या बुडबुड्यांसारखे. मग हळूहळू टाचा टेकल्या. तिने दोन्ही तळवे माझ्यावर सपाट ठेवले आणि फळ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं हो! पण मबरूकाबाईंचा खडू हातातच राहिला. त्यांनी तो धडा दोनदा वाचला, एकदा वर्गासाठी आणि एकदा स्वतःला सावरण्यासाठी.

आता कुणाला वाटेल, उशी आली आणि जादू झाली. छे. मी काही ताईत नव्हे. मी आल्यावर बाईंना हात मोकळे मिळाले आणि डोकंही. त्यांनी गुफ्रानसाठी पुठ्ठ्याची एक पट्टी केली. त्यावर चित्रं होती. आधी वाचन, मग नळावर जाऊन येणं, मग गणित, मग सुट्टी. पुढे काय येणार हे दिसायला लागल्यावर गुफ्रानचा जीव निम्मा शांत झाला. तिला गलक्यापासून लांब, भिंतीकडचा बाक दिला. धडा पाच ओळींचा असेल तर तिला आज एकच ओळ, पण ती पक्की. आणि शेजारी बसवली सबरीन. ही सबरीन म्हणजे झोपेतही बोलणारी मुलगी. बाईंचा हिशोब असा, की गुफ्रान दुसऱ्याचं बोलणं उचलते, तर मग उचलायला भरपूर माल तरी असू दे.

माझं कौतुक मात्र फार झालं, खोटं कशाला बोलू. आठवड्याभरात अर्ध्या वर्गाला मी हवी झाले. मुन्झिर नावाचा एक पोरगा तर सरळ म्हणाला, ‘सय्यदती, हिलाच का? मी पण वेडा आहे.’

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘इथे वेडं कुणी नाही. तुझ्या मोठ्या भावाला चष्मा आहे ना? तू रडलास का, की मला पण चष्मा द्या?’

‘रडलो होतो,’ मुन्झिर म्हणाला.

मग बाईंनाही हसू फुटलं. त्यांनी त्या दिवशी सगळ्यांना माझ्यासोबत बसू दिलं, पाच-पाच मिनिटं. बहुतेकांना दोन मिनिटांत मुंग्या आल्या, म्हणजे पायाला. ‘नको बाई, जड आहे’ म्हणत मला पुढे ढकललं. मुन्झिरने मात्र पाच मिनिटं पुरी बसून काढली, आणि उठताना म्हणाला की बाकडं आज हललं नाही. त्या दिवसापासून त्याच्या गणिताच्या तासाला मी त्याच्या मांडीवर असायची, गुफ्रान नळावर गेली की. हक्काने वाटून घेतलेली वस्तू व्हायला फार छान वाटतं, मित्रांनो.

असा हिवाळा गेला. गुफ्रान एका ओळीवरून दोन ओळींवर आली, मग तीनवर. समितीच्या बाई सोमवारी येणार असं कळलं, आणि तेव्हा ती पाच ओळींचा कोंबडीच्या पिलाचा धडा बोट ठेवून, अडखळत, पण शेवटपर्यंत वाचत होती. शाद्लियाने तिच्यासाठी नवा झगा शिवला. बाईंनी पट्टीवर नवी चित्रं चिकटवली. सगळं तयार होतं.

आणि शनिवारी मी भिजले.

दोष कुणाचाच नव्हता. सबरीन हातवारे करून काही सांगत होती, मध्ये पाण्याची बाटली आली. बाईंनी मला खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवलं. कट्ट्यावर आणखी एक वस्तू असायची, वर्गाचा बियांचा डबा. प्रत्येक वर्गात तसा डबा होता. मुलं सुट्टीत खजूर खाऊन बिया त्यात टाकायची, आणि दर शनिवारी शाळेचे शिपाई अम्म लझहर पोतं घेऊन फिरायचे आणि सगळे डबे रिकामे करून न्यायचे. त्यांच्याकडे तीन शेळ्या होत्या. ‘अम्म’ म्हणजे काका, सगळ्या शाळेचे काका. दिसायचं त्यांना जरा कमी, पण चष्मा लावायचे ते फक्त फोन पाहायला.

ते आले, त्यांनी डबा ओतला. मग मला हात लावून पाहिलं, चाचपलं. बिया! त्यांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. पहिलीच्या पोरांनी यंदा पिशवी भरून ठेवली, शिवूनसुद्धा ठेवली, देव त्यांचं भलं करो, असं काहीतरी पुटपुटत त्यांनी मला पोत्यात टाकलं. मी आतून ओरडत होते. पण बियांचं ओरडणं बियांसारखंच असतं.

रविवारी माझे दोन भाग झाले. कापड उसवून दोरीवर वाळत पडलं, आणि बिया घमेल्यात, पाण्यात. मी नक्की कुठे होते म्हणाल, तर मलाही तेव्हा हाच प्रश्न पडला होता. एवढं ठाऊक आहे की दोरीवरून मी माझ्या निम्म्या बिया भरडल्या जाताना पाहिल्या. शेळ्यांनी चाटूनपुसून खाल्लं. उकळलेल्या होत्या ना, चांगल्या मऊ झाल्या असतील.

सोमवारी सकाळी अम्म लझहर शाळेत आले ते माझी घडी हातावर घेऊन, पाहुण्याला मिठाई द्यावी तसे. मला धुतलं होतं, वर इस्त्रीही केली होती.

‘सय्यदती,’ ते म्हणाले, ‘पोरांना माझे आशीर्वाद सांगा. शेळ्यांनी काय मेजवानी झोडली! पिशवी परत आणलीय, पुन्हा भरा.’

मबरूकाबाईंनी मला हातात घेतलं. मी इतकी हलकी होते की त्यांचा हात एकदम वर गेला. त्या तशाच खुर्चीवर बसल्या. अम्म लझहरना काही समजेना. मग सबरीनने, जिला गप्प राहणं जमतच नाही, सगळं एका दमात सांगितलं. उशी, गुफ्रान, समिती, शहर, केंद्र. म्हाताऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. ते वळले आणि डब्यांकडे धावले. पण डबे रिकामे होते! सगळ्या शाळेचे डबे त्यांनीच शनिवारी रिकामे केले होते. मग ते घराकडे धावले, उरलेल्या ओल्या बिया आणायला. त्या वयात, त्या उन्हात.

ते फाटकातून बाहेर पडले आणि त्याच फाटकातून समितीच्या मादाम मुफीदा आत आल्या.

मादाम मुफीदा उंच होत्या, करड्या कोटातल्या, हातात जाड वही. त्या मागच्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांना चहा विचारला तर नको म्हणाल्या, बदाम घातलेला होता तरी. शाद्लिया बाहेर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी होती. तिला आत यायची परवानगी नव्हती, पण खिडकी कुणी बंद केली नव्हती.

वाचन सुरू झालं. गुफ्रानचा नंबर सातवा. बाईंनी मला, रिकाम्या मला, तिच्या मांडीवर ठेवलं. निदान ओळखीचं कापड तरी. गुफ्रानने मला दोन बोटांत उचललं, उलटसुलट केलं, नीट घडी घातली आणि उठून बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवलं. मला वाईट वाटलं नाही. बरं, थोडं वाटलं.

आता ती उभी होती आणि पाय चालू झाले होते. तिसरा मुलगा वाचत होता. गुफ्रान दारापर्यंत गेली. मागे वही उघडल्याचा आवाज आला. खिडकीतून मला शाद्लियाचे फक्त डोळे दिसत होते. मबरूकाबाईंचा हात उचलला गेला, तो जुना हात, खांदा धरून खाली बसवणारा. मी टेबलावरून पाहत होते. तो हात हवेत थांबला, आणि बाईंनी तो हळूच मागे घेऊन दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

गुफ्रान दारातून परत फिरली.

ती बाकांच्या मधल्या वाटेने चालू लागली. पहिल्या बाकाशी थांबली, खाली टांगलेलं दप्तर दोन्ही हातांनी उचललं, आणि परत ठेवलं. पुढच्या बाकाचं दप्तर उचललं, परत ठेवलं. चौथा मुलगा वाचता वाचता थांबला. ‘वाच,’ बाई म्हणाल्या. गुफ्रानने मुन्झिरचं दप्तर उचललं. त्यात एक वही आणि अर्धी भाकरी. तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो ओशाळला. मग ती सबरीनपाशी आली.

सबरीन वेळापत्रक पाहून दप्तर भरत नाही, सगळंच रोज आणते. सगळी पुस्तकं, बालवाडीतलीही. गुफ्रानने ते उचललं आणि तिचे खांदे खाली ओढले गेले. तिने ते धरून ठेवलं, जरा वेळ, डोळे मिटून. मग छातीशी कवटाळून आपल्या बाकावर नेलं, बसली, मांडीवर घेतलं. टाचा टेकल्या!

अहो, माझ्यात बी असती तर मी टेबलावरून उडाले असते!

सातवा नंबर आला. गुफ्रानने बोट ओळीवर ठेवलं. पिलू अंड्यातून बाहेर आलं. पिलाला थंडी वाजली. तिसऱ्या ओळीत ‘आईच्या पंखाखाली’ आलं आणि ती अडली. बोट ‘पंखा’वरून हलेना. वर्ग थांबला. सबरीनचं तोंड उघडलं, आणि मित्रांनो, त्या मुलीने आपल्याच दोन्ही हातांनी आपलं तोंड दाबून धरलं. गाल फुगले, डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द सोडला नाही. गुफ्रानने दप्तर जरा वर ओढून घेतलं, श्वास घेतला आणि म्हणाली, ‘पंखाखाली.’ मग चौथी ओळ. मग पाचवी. मग बोट पूर्णविरामावर टेकलं आणि तिने ते तिथेच दाबून ठेवलं, जणू तो निसटेल.

मादाम मुफीदा उठल्या. बूट वाजवत पुढे आल्या आणि गुफ्रानच्या बाकाशी वाकल्या.

‘बाळ, हे दप्तर तुझं आहे का?’

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं ती काय म्हणणार. ‘हे दप्तर तुझं आहे का?’ असंच म्हणणार. बाईंनी डोळे मिटून घेतले.

गुफ्रानने दप्तराकडे पाहिलं.

‘सबरीनचं,’ ती म्हणाली. ‘जड. जड असलं की मी बसते.’

ते शब्द कुणाचेच नव्हते. कुणी तिला शिकवलेले नव्हते, कुणाकडून उचललेले नव्हते. तिचे होते, अगदी कोरे. खिडकीत आता शाद्लियाचे नुसते डोळे नव्हते, अख्खा चेहरा आत आला होता.

मादाम मुफीदांनी वही बंद केली. मबरूकाबाईंकडे वळून म्हणाल्या, ‘मी बावीस वर्षं वर्गांत फिरतेय. मूल बसत नाही असं सांगणारे हजार भेटले. मला बसायला काय लागतं, ते सांगणारं पहिलंच मूल भेटलं. हिला इथून कशाला हलवायचं? इथे जे जमलंय ते इतर शाळांना शिकवा.’ आणि मग जरा थांबून, ‘तो चहा अजून आहे का?’

तेवढ्यात दारात अम्म लझहर उभे. घामाने निथळत, हातात घमेलं, घमेल्यात ओल्या, फुगलेल्या बिया, आणि मागोमाग एक शेळी, आपला घास कुठे चाललाय ते पाहायला. समितीच्या अहवालात शेळीचा उल्लेख नाही, असं नंतर कळलं.

मला त्याच आठवड्यात पुन्हा भरलं. पण खरं सांगू? माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा तास तोच, जेव्हा मी रिकामी होते आणि माझी गरज पडली नाही. मी त्या मुलीला बसवत होते असं मला वाटायचं. प्रत्यक्षात ती माझ्याकडून स्वतःबद्दल काहीतरी शिकत होती, आणि मला पत्ताही नव्हता.

पुढे वाईट दिवसही आले. मबरूकाबाईंची दोन वर्षं दुसऱ्या गावात बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या सरांना मी म्हणजे कुणाची तरी विसरलेली पिशवी वाटले. शाळेच्या कोठीत जुन्या नकाशांखाली, गोठवणाऱ्या हिवाळ्यात आणि भाजणाऱ्या उन्हाळ्यात मी पडून राहिले. एका कप्प्याची शिवण उंदराने खाल्ली. सर वाईट नव्हते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, एवढंच. मुन्झिर तेव्हा वरच्या वर्गात होता. तो एकदा खडू घ्यायला आला, मला पाहिलं, धूळ झटकली आणि चक्क पाच मिनिटं मांडीवर घेऊन कोठीत बसला. मग घंटा झाली.

बाई परत आल्या तेव्हा त्यांनी पहिलं मला शोधलं. शाद्लियाने शिवण घातली. गुफ्रान आता पाचवीत आहे. तिच्या दप्तरात ती स्वतःच दोन जाड पुस्तकं जास्तीची ठेवते. अजून कान झाकते, अजून कधीकधी दुसऱ्याचं बोलणं परत देते. सबरीन अजून शेजारी बसते, आणि अजून बोलते.

मित्रांनो, मला जपा, एवढंच सांगून मी थांबणार होते. भिजवू नका, मुंग्यांपासून वाचवा, शेळ्यांपासून तर नक्कीच. पण मी म्हातारी झालेय, मला थोडं जास्त मागू द्या. तुमच्या वर्गात कुणी बसत नसेल, बोलत नसेल, कान झाकत असेल, तर त्याच्या मांडीवर काही ठेवायच्या आधी त्याला विचारा, तुला काय लागतं. उत्तर लगेच येणार नाही. वर्षही लागेल. पण विचारत राहा, आणि हात आवरून थांबा.

आमच्या मबरूकाबाई आता शाळेच्या पहिल्या दिवशी हेच करतात. टेबलावर मला ठेवतात, शेजारी कान झाकायची टोपी, चित्रांची पट्टी, चुरगाळायला काथ्याचा गोळा. नव्या मुलांना सांगतात, ज्याला जे लागतं ते घ्या, नको असेल तर घेऊ नका.

आज तोच दिवस आहे! आत्ता एक इवलासा मुलगा टेबलाशी आलाय. भुवया जाड, एक चप्पल पायात, दुसरी हातात. तो माझ्याकडे पाहतोय. त्याने हात पुढे केला... माझ्यावर ठेवला, दाबून पाहिला. माझ्या सगळ्या बिया श्वास रोखून आहेत.

नाही. त्याने काथ्याचा गोळा घेतला.

घेऊ दे, घेऊ दे. बघा ना, किती झटक्यात निवडला त्याने!